आभासी रेल्वेचा देखावा आणि नवशिक्याला दिलेला अभिप्राय : नागपूरच्या भूमीवरून एक आढावा

संगणकाच्या पडद्यावर रूळ अंथरून, त्यांच्याभोवती जमीन, झाडे, नाले, फाटके आणि स्थानके उभी करून एखाद्या प्रत्यक्ष किंवा कल्पित मार्गाची चालती प्रतिकृती रचण्याच्या छंदाला आभासी प्रतिकृती रेल्वे असे म्हणता येईल. या छंदात गाडी चालवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वेळ घेणारे काम देखाव्याचे असते, आणि देखावा म्हणजे रूळ व गाडी सोडून खिडकीतून जे जे दिसते ते सारे. नवशिक्या पहिले पाच-सात किलोमीटर रचून कोणाला तरी दाखवतो आणि पाहणारा त्यावर काही बोलतो. त्या बोलण्याने पुढचे किलोमीटर सुधारतात की काम तिथेच थांबते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. या प्रश्नात शिकणाऱ्याला काय आणि कसे सांगावे याचा विचार, प्रतिकृतिकारांची जुनी कारागिरी आणि ज्या भूभागाची प्रतिकृती करायची त्या भूभागाची ओळख अशा तीन गोष्टी एकत्र येतात. पहिल्या दोहोंवर पुष्कळ लिहिले गेले आहे, तिसरीकडे मात्र क्वचितच लक्ष जाते; आणि या लेखाची भूमिका अशी आहे की नवशिक्याच्या देखाव्यावरील अभिप्रायाचा आधार प्रामुख्याने ती तिसरी गोष्टच असायला हवी. नागपूर हे क्षेत्र निवडण्याचे कारणही तेच आहे. ब्रॉडगेजचे दोन मोठे मार्ग जिथे एकमेकांना छेदतात, तीन बाजूंना तीन वेगळ्या पिकांचा व मातीचा प्रदेश पसरलेला आहे, आणि जिथून अगदी अलीकडेपर्यंत नॅरोगेज गाड्या सुटत होत्या, अशा शहरात अभिप्राय देणाऱ्याला प्रमाण शोधण्यासाठी फार दूर जावे लागत नाही.

अभिप्रायाच्या ज्या सवयी या छंदात दिसतात त्या फळीवरच्या, म्हणजे हाताने बनवलेल्या प्रतिकृतींच्या परंपरेतून आल्या आहेत. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने कारागिरीच्या मूल्यमापनाची गुणपद्धती रूढ केली, जिच्यात १२५ पैकी ८७.५ गुण मिळाले की काम गुणवत्तेच्या दर्जाचे मानले जाते. डबा किंवा इमारत यांसारख्या प्रतिकृतींना गुण देताना बांधणी, तपशील, मूळ वस्तूशी असलेली जुळणी, रंगकाम आणि स्वतःच्या हाताने घडवलेले भाग यांचा स्वतंत्र विचार केला जातो. परीक्षकाला स्वतःच्या आवडीनिवडीपलीकडे जाऊन कारणे द्यायला लावणे हा या पद्धतीचा मोठा गुण आहे, आणि ती पुऱ्या झालेल्या कामासाठी व मुरलेल्या हातासाठी घडलेली आहे ही तिची मर्यादा. महाराष्ट्रात हा छंद लोकांसमोर आणण्याचे श्रेय पुण्यातील कोथरूडच्या लघुरेल्वे संग्रहालयाला द्यावे लागते. भाऊ जोशी यांनी उभे केलेले हे संग्रहालय १९९८ साली लोकांसाठी खुले झाले, आणि गाडी, सिग्नल, पूल व वस्ती ही सगळी एकाच दृश्याची अंगे आहेत ही गोष्ट त्याने अनेक मराठी मुलांना प्रथम दाखवली.

फळीवरच्या परंपरेने आभासी रेल्वेला एक अडचणही वारसा म्हणून दिली आहे. एचओ या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात, जिथे खऱ्या वस्तूचे ८७ मिलिमीटर प्रतिकृतीत एक मिलिमीटर होतात, रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर धरले जाते, म्हणजे ते १४३५ मिलिमीटरच्या युरोपीय-अमेरिकी गेजशी जुळते. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचे असल्यामुळे त्यासाठी १९ मिलिमीटरहून थोडे अधिक अंतर लागते, आणि तयार रूळ वापरणाऱ्या भारतीय प्रतिकृतिकाराची गाडी अरुंद पायांवर उभी राहते. २००१ साली मायक्रोसॉफ्टचे ट्रेन सिम्युलेटर आणि ऑस्ट्रेलियातील ऑरन कंपनीचे ट्रेन्झ या दोन संगणकप्रणाली आल्या, तेव्हा पडद्यावर गेजचे असे बंधन असण्याचे कारण नव्हते. तरीही मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीतील मूळ रूळ १४३५ मिलिमीटरचेच होते, आणि तिच्यासोबत आलेले सहा मार्ग इंग्लंड, ऑस्ट्रिया, अमेरिका आणि जपान या देशांतले होते. साहजिकच तिच्यातील झाडे, गवत, खडी आणि घरेही तिथलीच होती. पुढे ओपन रेल्स या मुक्त प्रणालीने त्याच जुन्या साहित्याला नवे आयुष्य दिले आणि साध्या लॅपटॉपवर काम करणाऱ्या भारतीय नवशिक्यांची मोठी सोय झाली, पण परक्या झाडांचा प्रश्न तिच्याबरोबर पुढे आला. वर्ध्याकडे जाणाऱ्या मार्गाच्या कडेला सूचिपर्णी वृक्ष उभे राहतात ते नवशिक्याच्या आळसामुळे नव्हे. त्याच्या हाती आलेल्या पेटीतच ती झाडे असतात. अभिप्राय देणाऱ्याने एवढे जाणून घेतले तरी त्याचा सूर बदलतो.

शिकणाऱ्याला दिलेल्या अभिप्रायाविषयी शिक्षणशास्त्रात आणि मानसशास्त्रात जे संशोधन झाले आहे, त्यातील दोन-तीन निष्कर्ष येथे थेट उपयोगी पडतात. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डेनिसी यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात ६०७ परिणाम एकत्र तपासले. सरासरीने अभिप्रायाचा फायदा होतो असे त्यात आढळले, परंतु एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती, आणि लक्ष कामावरून माणसाकडे वळले की असे होण्याचा संभव वाढतो असे त्यांचे प्रतिपादन होते. रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात केवळ शेरे मिळालेल्या विद्यार्थ्यांची गोडी व प्रगती टिकून राहिली, तर शेऱ्यांसोबत गुण मिळालेल्यांना शेऱ्यांचा तसा लाभ झाला नाही. जॉन हॅटी व हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये अभिप्रायाचे चार स्तर सांगितले, ते असे : केलेले काम, ते करण्याची रीत, स्वतःच्या कामावर स्वतः लक्ष ठेवण्याची क्षमता आणि व्यक्ती. यांपैकी व्यक्तीविषयीची स्तुती शिकण्याच्या दृष्टीने सर्वांत कमी उपयोगी ठरते, असे त्यांचे मत होते. म्हणजे ‘तुझ्यात कला आहे’ हे वाक्य ‘तुला डोळाच नाही’ या वाक्याइतके दुखावत नसले, तरी पुढच्या पुलाची उंची किती ठेवावी हे दोन्ही वाक्यांतून सारखेच कळत नाही.

या विषयासाठी सर्वांत मोलाचा विचार मात्र रॉइस सॅडलर यांनी १९८९ साली मांडला. शिकणाऱ्याने अपेक्षित दर्जा काय आहे हे ओळखले पाहिजे, आपले काम त्या दर्जाशी ताडून पाहिले पाहिजे आणि दोहोंतील अंतर कमी करणारी कृती केली पाहिजे. या तीन गोष्टी घडल्या तरच अभिप्राय सार्थकी लागतो, असे त्यांनी दाखवले. कविता किंवा निबंध यांच्या बाबतीत तो दर्जा शिक्षकाच्या मनात असतो आणि विद्यार्थ्याला तो हळूहळू आत्मसात करावा लागतो. प्रत्यक्ष मार्गाच्या प्रतिकृतीची गोष्ट वेगळी आहे, कारण इथे प्रमाण बाहेर, उघड्यावर, पावसापाण्यात उभे आहे आणि ते शिक्षकाला व विद्यार्थ्याला सारखेच पाहता येते. इटारसीच्या मार्गावर काटोलच्या बाजूचा भराव किती उंच आहे हा मताचा विषय नाही. अभिप्राय देणारा आणि घेणारा यांच्यामध्ये जागा उभी राहिली की दोघेही एकमेकांकडे पाहण्याऐवजी त्या जागेकडे पाहू लागतात, आणि क्लूगर-डेनिसी ज्या धोक्याविषयी बोलतात तो पुष्कळसा टळतो. पुढील विवेचन या एका सूत्राला धरून आहे.

नागपूरची जागा काय सांगते ते थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे. दख्खनच्या बेसाल्ट खडकाचा थर आणि पूर्वेकडचे त्याहून फार प्राचीन खडक यांची सीमा या शहराच्या परिसरातून जाते. सीताबर्डीची टेकडी बेसाल्टची आहे, तर पूर्वेकडे भूमीचे स्वरूप बदलत जाते. त्यामुळे वर्ध्याच्या दिशेने काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन आणि तिच्यावर कपाशी व तूर, इटारसीच्या दिशेने काटोल-नरखेड भागात संत्र्यांच्या बागा, आणि हावड्याच्या दिशेने कन्हान नदी ओलांडल्यानंतर भंडारा-गोंदियाकडे धानाची बांधबंदिस्त शेते व तलाव असे तीन वेगळे देखावे एकाच शहरातून फुटतात. नवशिक्या बहुधा एकच हिरवा पोत, म्हणजे जमिनीवर पसरायचे एकच चित्र, तिन्ही दिशांना वापरतो. अशा वेळी ‘जमीन खरी वाटत नाही’ हा अभिप्राय खरा असूनही निरुपयोगी आहे. ‘ही गाडी बुटीबोरीकडे चालली असेल तर बांधावरची माती काळी हवी, आणि रुळाच्या भरावावर मुरुमाचा तांबूस थर हवा’ हे वाक्य तेवढेच लहान आहे, पण त्यातून नवशिक्याला दुसऱ्या दिवशी करण्याजोगे काम मिळते. खडीचेही तसेच आहे. बेसाल्टची खडी मुळात गडद करडी असते, परंतु गाड्यांच्या ब्रेकमधून झडणाऱ्या लोहकणांनी ती स्थानकाजवळ तपकिरी होत जाते. बाहेरच्या मोकळ्या मार्गावर आणि फलाटाजवळ खडीचा एकच रंग ठेवणे ही नवशिक्यांच्या कामातील अगदी सामान्य चूक आहे, आणि ती दुरुस्त करायला फारसे कष्टही लागत नाहीत.

ऋतूंच्या बाबतीत नागपूरचा प्रदेश अभिप्राय देणाऱ्याचीच परीक्षा घेतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, साग निष्पर्ण असतो, गवत वाळून पिवळे-करडे झालेले असते, कन्हानच्या रुंद वाळूत पाण्याची बारीक धार उरते. जुलैत हाच प्रदेश इतका हिरवा होतो की त्याची ओळख पटू नये. समजा, एखाद्या नवशिक्याने काटोलजवळच्या देखाव्यात पानझडीनंतर फुललेला पळस आणि फळांनी लगडलेल्या संत्र्याच्या बागा शेजारी-शेजारी दाखवल्या. संत्री हिवाळ्याच्या सुरुवातीचे फळ आणि पळस वसंतातला, तेव्हा हे दृश्य अशक्य आहे, असा शेरा एखादा जाणकार आत्मविश्वासाने देईल. परंतु नागपुरी संत्र्याला दोन बहार येतात : आंबिया बहाराची फळे पावसाळ्यानंतर हाती येतात, तर मृग बहाराची फळे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास तोडली जातात, आणि पळस फुलण्याचा काळही तोच आहे. नवशिक्याने दाखवलेले दृश्य बरोबर होते. ज्याला तो भाग ठाऊक नाही अशा ज्येष्ठाच्या एका वाक्याने बरोबर असलेली गोष्ट पुसली जाण्याचा धोका या छंदात खरोखर आहे, आणि म्हणून अभिप्राय देणाऱ्यानेही ‘हे तू कुठे पाहिलेस?’ हा प्रश्न आधी विचारावा. उत्तर आले नाही तर शेरा द्यायला हरकत नाही. उत्तर आले तर देणाराच काही शिकतो.

कालखंडाचे प्रमाणही असेच तपासता येते. नागपूर स्थानकाची सध्याची इमारत १९२५ साली खुली झाली, रेल्वे मात्र १८६७ पासून या शहरात आहे. छिंदवाड्याकडे जाणारी नॅरोगेज गाडी २०१५ च्या अखेरीस आणि नागभीडकडची २०१९ मध्ये बंद झाली. बारा हजार अश्वशक्तीचे डब्ल्यूएजी-१२ हे विद्युत इंजिन २०२० पासून मालगाड्या ओढू लागले. एकाच दृश्यात नागपूरच्या इतवारी स्थानकातली नॅरोगेज गाडी आणि हे इंजिन एकमेकांशेजारी उभे असतील, तर त्या दृश्याला कोणतेच वर्ष देता येत नाही. कल्पित मार्गाला अशी सवलत असते, पण ती सवलत आपण घेत आहोत हे रचणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

आता अभिप्रायाच्या क्रमाचा विचार करू. नवशिक्याच्या कामात एकाच वेळी चाळीस दोष दिसू शकतात, आणि ते सगळे सांगणारा अभिप्राय, मग तो कितीही सौम्य असो, वाचणाऱ्याला जागच्या जागी थांबवतो. दोष निवडायचे तर ते कोणत्या क्रमाने, हे कामाच्या स्वरूपावरूनच ठरते : जमिनीचा चढउतार आणि रुळांची आखणी चुकली असेल तर तिच्यावर उभे केलेले सगळे पुन्हा उपटावे लागते, म्हणून त्याबद्दल सर्वांत आधी आणि झाडे लावण्यापूर्वी बोलले पाहिजे. येथे आकडे उपयोगी पडतात, कारण आकड्यांत कोणाचा अपमान नसतो. भोर आणि थळ या घाटांत मुख्य मार्गाचा चढ ३७ मीटरला एक मीटर इतका आहे आणि तिथे गाडीला मागून इंजिने लावावी लागतात; नागपूरभोवतीच्या सपाट प्रदेशात नवशिक्याने २० मीटरला एक मीटर चढ ठेवला असेल, तर एवढी एक तुलना पुरेशी आहे. वळणांचेही तसेच. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर, तर नॅरोगेजवर सुमारे ४४ मीटर धरली जाते. फळीवरच्या एचओ प्रतिकृतीत ४५ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण सर्रास वापरले जाते, आणि ते ८७ पटींनी मोठे केले तर जेमतेम ४० मीटर भरते, म्हणजे नॅरोगेजलाही न चालणारे. फळीला कडा असते म्हणून ही तडजोड समजण्याजोगी आहे. पडद्यावरच्या जमिनीला तशी कडा नाही, आणि तरीही फळीवरच्या प्रतिकृतींची चित्रे पाहून शिकलेले नवशिके तीच वळणे पडद्यावर आणतात.

जमिनीविषयी बोलताना साधनाची मर्यादाही अभिप्राय देणाऱ्याला ठाऊक असावी लागते. अमेरिकेच्या अंतराळयान मोहिमेने २००० साली गोळा केलेली उंचीची माहिती किंवा इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळणारी कार्टोसॅट उपग्रहाची माहिती ही साधारण तीस मीटरच्या चौकटीत असते, आणि ट्रेन्झसारख्या प्रणालीत जमिनीचे जाळे मुळात दहा मीटरच्या, नंतर पाच मीटरच्या चौकटीचे होते. रुळाचा भराव काही मीटर रुंद असतो. तो या माहितीत उमटतच नाही, आणि जाळ्यात उमटवायला गेले तर त्याच्या कडा दातेरी होतात. नवशिक्याला हे ठाऊक नसते आणि तो स्वतःच्या हाताला दोष देतो. ‘भरावाचा आकार जाळ्यातून काढण्याऐवजी रुळासोबत येणारा तयार भरावाचा तुकडा वापरून पाहा’ असा रीतीविषयीचा अभिप्राय इथे दहा कौतुकांहून मोलाचा ठरतो. याच टप्प्यावर विचारण्याजोगा आणखी एक प्रश्न म्हणजे ‘पावसाचे पाणी या भरावाच्या अलीकडून पलीकडे कुठून जाईल?’ खऱ्या मार्गावर मोऱ्या, म्हणजे भरावाखालून पाणी जाऊ देणारे लहान बांधीव मार्ग, ठिकठिकाणी असतात, कारण विदर्भातल्या पावसात त्यांच्यावाचून भराव टिकणार नाही. नवशिक्याच्या मार्गावर त्या जवळजवळ कधीच नसतात. हा प्रश्न एकदा मनात बसला की नवशिक्या नदी, नाले, शेतांचे उतार आणि गावांच्या जागा या सगळ्यांचा विचार पाण्याच्या अंगाने करू लागतो, आणि एका प्रश्नाने जेवढे सुधारते तेवढे वीस सूचनांनी सुधारत नाही.

देखावा कुठून आणि किती वेगाने पाहायचा आहे, या मुद्द्याकडे अभिप्राय देणारे फारसे लक्ष देत नाहीत, आणि त्यामुळे पुष्कळ अभिप्राय वाया जातात. उंचावरून घेतलेल्या स्थिर चित्रात जे दोष डोळ्यांत भरतात ते इंजिनच्या खिडकीतून दिसतही नाहीत, आणि खिडकीतून खुपणारे दोष चित्रात लपून राहतात. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर कापते. भारतीय विद्युतीकृत मार्गावर तारा धरणाऱ्या दोन खांबांमधील अंतर जास्तीत जास्त ७२ मीटर असते आणि वळणावर ते कमी होते. म्हणजे चालकाच्या डोळ्यांसमोरून साधारण अडीच सेकंदांनी एक खांब जातो आणि वळण आले की ही लय जलद होते. वर्धा मार्गाच्या प्रतिकृतीत ही लय चुकली तर पाहणाऱ्याला काहीतरी बिनसल्याचे लगेच जाणवते, मात्र काय ते सांगता येत नाही. उलट त्याच मार्गावरील घराच्या खिडकीला गज नसले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. नॅरोगेजवर हिशेब उलटा होतो. ताशी तीसच्या वेगाने जाणारी गाडी सेकंदाला आठ-नऊ मीटरच सरकते, झुडपे हाताला लागतील इतकी जवळ असतात, आणि तिथे एकेका फांदीचा, फाटकावरच्या झोपडीचा, पिवळ्या ‘सी/फा’ (सीटी/फाटक) फलकाचा तपशील नजरेत भरतो. म्हणून एका मार्गावर योग्य ठरणारा शेरा दुसऱ्या मार्गावर अनाठायी ठरतो. तपशिलांची मर्यादा संगणकाच्या शक्तीवरही अवलंबून असते, हे ओघानेच आले. हजारो झाडे उभी केली आणि चित्र अडखळू लागले तर देखाव्याचा उपयोग राहत नाही.

नागपूरचे प्रसिद्ध डायमंड क्रॉसिंग, म्हणजे दोन मार्ग एकाच पातळीवर एकमेकांना छेदून जातात ती रचना, हे इथल्या नवशिक्यांचे आवडते स्थळ असणार हे उघड आहे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा या दिशांचा छेद म्हणून त्याला जी कीर्ती मिळाली आहे, तिच्यामुळे ते कागदावर सरळ फुलीसारखे काढले जाते आणि पडद्यावरही तसेच येते. प्रत्यक्षात छेदाचा कोन, त्याला येऊन मिळणाऱ्या जोडमार्गांची वळणे, सांध्यांच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणाऱ्या यंत्रणेच्या जागा आणि सिग्नलांचे अंतर हे सगळे एकमेकांत गुंतलेले आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रणालीत तर छेद ठरावीक कोनांच्या तयार तुकड्यांतूनच करावा लागतो. अशा ठिकाणी पहिल्याच प्रयत्नाला अचूकतेची कसोटी लावणे अन्यायाचे आहे. नवशिक्याला हे स्थळ पुढे ढकलून आधी बोरखेडी किंवा खापरी यांसारखे मार्गावरचे स्थानक रचायला सांगणे हा अधिक प्रामाणिक सल्ला आहे. त्यात अवमान नाही, उलट त्याच्या महत्त्वाकांक्षेची कदर आहे.

अभिप्राय घेणाऱ्याची बाजू याहून कमी महत्त्वाची नाही. वास्तुकलेच्या महाविद्यालयांत विद्यार्थ्याने आपले नकाशे भिंतीवर लावून आधी स्वतः बोलायचे आणि मग परीक्षकांनी बोलायचे अशी ‘ज्यूरी’ची पद्धत आहे, आणि आधी रचणाऱ्याने बोलणे हा तिच्यातील घेण्याजोगा भाग आहे, काम संपल्यावर, सुधारणेला वेळ उरलेला नसताना निकाल ऐकवणे हा टाकून देण्याजोगा. अमेरिकी नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास विकसित केलेल्या पद्धतीत पाहणारे प्रथम आपल्याला काय भावले ते सांगतात, मग कलावंत स्वतःचे प्रश्न विचारतो, मग पाहणारे मताचा रंग नसलेले प्रश्न विचारतात, आणि मत सांगण्यापूर्वी कलावंताची अनुमती घेतात. देखाव्याच्या बाबतीत याचे साधे रूप असे होऊ शकते की नवशिक्याने काम दाखवताना स्थळ, महिना व वर्ष, कुठून पाहायचे ते ठिकाण, आणि अजून हात न लावलेले भाग लिहून द्यावेत, व एकच प्रश्न विचारावा. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाला ‘छान’ याखेरीज उत्तर मिळत नाही. ‘कामठीकडून कन्हानच्या पुलावर येताना काठाची उंची पटते का?’ या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर समोरच्याला पूल आठवावा लागतो.

घेणाऱ्याने सगळेच मान्य करावे असे नाही. ओहायोतील प्रतिकृतिकार ॲलन मॅक्लेलँड यांनी आपल्या व्हर्जिनियन अँड ओहायो या कल्पित मार्गाच्या संदर्भात ‘पुरेसे चांगले’ हे तत्त्व मांडले : एका कोपऱ्यावर वर्षे घालवण्यापेक्षा संपूर्ण मार्ग एका समान, पटण्याजोग्या पातळीवर आणावा. नवशिक्याला हे तत्त्व ढाल म्हणून वापरण्याचा अधिकार आहे. एखाद्या स्थानकाच्या छपरावरील कौलांविषयी आलेली सूचना अचूक असली तरी पुढचे तीन किलोमीटर अजून उघडे पडले असतील, तर ती नोंदवून बाजूला ठेवणेच शहाणपणाचे.

यात वयाचाही प्रश्न येतो. नागपुरात असे काम दाखवणारा बहुधा शाळा-महाविद्यालयातला असतो आणि पाहणारा त्याचा कोणी दादा, भाऊ किंवा निवृत्तीच्या वयाचे काका. काकांना उलट प्रश्न विचारणे मुलाला उद्धटपणाचे वाटते, आणि काकांनाही आपल्या शब्दाला कारण जोडण्याची सवय नसते. ‘काका, हे तुम्ही कोणत्या साली पाहिलं होतं?’ असे विचारण्यात मात्र मानही राहतो आणि प्रमाणही मिळते. ज्येष्ठाच्या मताचे रूपांतर साक्षीत होते. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आणि छंदातल्या ज्येष्ठांनी मुलांना असे विचारायला मुद्दाम मोकळीक द्यावी, कारण त्यांच्यापाशी जे आहे ते दुसरीकडे मिळणारे नाही.

नॅरोगेजच्या बाबतीत हे अक्षरशः खरे आहे. सावनेर, सौंसर, रामाकोना, भिमालगोंदी, उमरानाला असा सातपुड्याच्या पठारावर चढत जाणारा छिंदवाड्याचा मार्ग आणि उमरेड, भिवापूरवरून धानाच्या प्रदेशात उतरणारा नागभीडचा मार्ग, दोन्हींचे गेज ७६२ मिलिमीटर होते. छिंदवाड्याच्या मार्गाचे आता ब्रॉडगेज झाले आहे आणि नागभीडचेही रूपांतर हाती घेण्यात आले, त्यामुळे जुनी वळणे, जुने भराव आणि लहान फलाट एकेक करून नाहीसे होत आले आहेत. इंजिने आणि डबे पाहायचे तर मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे, तिथे मापे घेता येतात, रंग पाहता येतो. परंतु देखावा संग्रहालयात ठेवता येत नाही. तो भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या नकाशांत अर्धा असतो आणि उरलेला अर्धा माणसांच्या आठवणीत. येथे जागा स्वतः बोलू शकत नाही, आणि अभिप्राय देणारी माणसेच प्रमाण होऊन बसतात. म्हणून अशा प्रतिकृतीवर त्यांचे म्हणणे घेण्याची रीत अधिक काळजीची असावी लागते.

प्रत्येकाची आठवण त्याच्या कामाभोवती घट्ट झालेली असते. निवृत्त चालकाला चढ कुठे सुरू होई, शिटी कुठे द्यावी लागे आणि सिग्नल कोणत्या वळणानंतर दिसे हे नेमके आठवते, फलाटावरची झाडे आठवतीलच असे नाही. रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनला मोऱ्या, पाणी साचण्याच्या जागा आणि खचणारे भराव ठाऊक असतात. नेहमीच्या प्रवाशाला स्थानकावरचा नळ, सावली आणि विक्रेते. एकाच देखाव्यावर या तिघांचे अभिप्राय वेगवेगळे येतात आणि तिन्ही खरे असतात. जिथे ते एकमेकांच्या विरोधात जातात, उदाहरणार्थ एखाद्या फाटकाची जागा एक जण स्थानकाच्या अलीकडे आणि दुसरा पलीकडे सांगतो, तिथे नवशिक्याने जुना नकाशा पाहावा, आणि नकाशानेही उलगडा झाला नाही तर एक पर्याय निवडून दुसरा मार्गासोबतच्या टिपणात लिहून ठेवावा : कोणत्या कामावर असलेल्या, कोणत्या वर्षांत तो मार्ग पाहिलेल्या व्यक्तीने काय सांगितले, आणि रचनेत कोणते घेतले. पुढे आणखी एखादा गँगमन किंवा गार्ड तो देखावा पाहील तेव्हा त्याला नेमके त्याच फाटकाविषयी विचारता येईल.